आवाजाची मालकी : 'द जॅझ सिंगर'मधील कीर्ती, प्रार्थना आणि मौन

१

चित्रपटाच्या इतिहासात काही कृतींना त्यांच्या कलात्मक सामर्थ्यापेक्षा त्यांच्या तारखेमुळे स्थान मिळते. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम प्रदर्शित झालेला, वॉर्नर ब्रदर्सनिर्मित आणि ॲलन क्रॉसलंडदिग्दर्शित 'द जॅझ सिंगर' ही अशीच एक कृती होय. 'पहिला बोलपट' हे बिरुद तिला इतके घट्ट चिकटले आहे, की तिच्याकडे संहिता म्हणून पाहण्याची गरजच बहुतेकांना वाटेनाशी झाली. मैलाचा दगड कोणी वाचत नाही. त्यावरचा आकडा तेवढा पाहून पुढे जायचे असते.

वास्तविक हे बिरुद काटेकोर अर्थाने खरे नाही. वॉर्नर ब्रदर्सच्याच 'डॉन वान'ला ऑगस्ट १९२६ मध्ये व्हिटाफोन पद्धतीने मुद्रित केलेल्या संगीताची जोड मिळालेली होती, आणि ज्याला आद्यंत बोलपट म्हणता येईल असा त्या कंपनीचा 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क' १९२८ मध्ये आला. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला 'द जॅझ सिंगर' बव्हंशी मूकपटच आहे. पात्रे ओठ हलवतात, आणि त्यांचे म्हणणे लेखी पाट्यांवरून प्रेक्षकाला कळते. सुमारे दीड तासाच्या या पटात ऐकू येणारे बोलणे जेमतेम दोन मिनिटांचे आहे. मोठ्या तबकडीवर ध्वनी मुद्रित करायचा आणि ती तबकडी प्रक्षेपणयंत्राच्या गतीशी जुळवून फिरवायची, अशी व्हिटाफोनची रीत होती. ध्वनी चित्रफितीवर नव्हताच. तो तिच्या शेजारून धावत होता.

समीक्षेला महत्त्वाचा प्रश्न मात्र निराळा आहे. ज्या कृतीत ध्वनी आणि मौन असे सरमिसळ आलेले आहेत, तिच्यात कोणाला आवाज मिळतो, केव्हा मिळतो आणि कोणाला अखेरपर्यंत मिळत नाही? ही वाटणी केवळ तांत्रिक अपुरेपणातून झालेली आहे, की तिच्यातून काही अर्थव्यवस्था उभी राहते? प्रसिद्धीचे स्वप्न पाहणाऱ्या गायकाची ही गोष्ट मुळात आवाजाच्या मालकीची गोष्ट आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर कथानकाच्या सारांशात सापडणार नाही. पटाच्या ध्वनिरचनेतच ते शोधावे लागते.

२

कथानक थोडक्यात असे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील स्थलांतरित ज्यूंच्या वस्तीत रॅबिनोविट्झ कुटुंब राहते. पिता सिनेगॉगमधला कँटर, म्हणजे प्रार्थनागायक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे पद मुलाने, जेकीने, पुढे चालवावे अशी त्याची इच्छा. यॉम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्तदिनाच्या पूर्वसंध्येला जेकी एका पानगृहात लोकप्रिय गाणी गाताना सापडतो. पिता त्याला मारतो आणि तो घर सोडून जातो. वर्षे लोटतात. जेकीचा 'जॅक रॉबिन' होतो; मेरी डेल या नर्तकीच्या साहाय्याने ब्रॉडवेच्या उंबरठ्यावर येतो. घरी परततो, पित्याकडून पुन्हा नाकारला जातो. पुढे मोठ्या प्रयोगाचा पहिला दिवस आणि यॉम किप्पूरची पूर्वसंध्या एकाच रात्री येतात. पिता मृत्युशय्येवर असतो, सिनेगॉगमध्ये गायला कोणी नसते. जॅक प्रयोग सोडतो आणि 'कोल निद्रे' गातो. ते सूर खिडकीतून ऐकत पिता प्राण सोडतो.

या सरळ कथानकात ध्वनी कोठे उमटतो हे पाहू लागले की एक क्रम दिसू लागतो. मूकपटात आवाज प्रथम येतो तो गाण्याच्या रूपाने. बाल जेकी पानगृहात गातो, पिता सिनेगॉगमध्ये गातो, तरुण जॅक सॅन फ्रॅन्सिस्कोच्या 'कॉफी डॅन्स'मध्ये गातो. म्हणजे गाणे हेच या जगातले पहिले ऐकू येणारे सत्य आहे. भाषण मात्र गाण्याच्या फटीतून आत शिरते. 'कॉफी डॅन्स'मधले पहिले गाणे संपल्यावर, टाळ्या चालू असताना, जॅक श्रोत्यांना थांबायला सांगतो आणि अजून खरे काही तुम्ही ऐकलेलेच नाही असे बजावतो. हे उद्गार उत्स्फूर्त होते, आणि त्या क्षणी बोलपट जन्मला, असे सांगितले जाते.

या आख्यायिकेकडे सावधपणे पाहिले पाहिजे. हे वाक्य ॲल जोलसनच्या रंगमंचीय लकबींचा भाग होते. १९२६ मधल्या 'अ प्लँटेशन ॲक्ट' या व्हिटाफोनच्या लघुपटातही त्याने ते उच्चारले होते. म्हणजे ज्याला आपण उत्स्फूर्तता म्हणतो ती येथे अनेकदा वठवलेली, बाजारात खपलेली उत्स्फूर्तता आहे. तरीही तिचा परिणाम खोटा ठरत नाही. रंगमंचावर हे वाक्य पुढच्या गाण्याची जाहिरात असे. मूकपटाच्या चौकटीत येताच ते संपूर्ण माध्यमाविषयीचे विधान होऊन बसते. शब्द तेच राहिले. संदर्भ बदलताच त्यांचा अर्थ बदलला.

पटातील दीर्घ संभाषण एकच आहे, आणि ते आईशी आहे. घरी परतलेला जॅक पियानोवर बसून अर्व्हिंग बर्लिनचे 'ब्लू स्काइज' आईला ऐकवतो आणि मध्येच बोलू लागतो. आपण यशस्वी झालो तर तिला चांगल्या वस्तीत घर घेऊन देऊ, नवा पोशाख आणू, कोनी आयलंडला नेऊ. कीर्तीचे स्वप्न येथे प्रथमच शब्दांत मांडले जाते, आणि ते किती घरगुती आहे! ज्या महत्त्वाकांक्षेपायी त्याने घर सोडले, तिचे फळ त्याला घरातच आणून ठेवायचे आहे. या प्रसंगात आईचा आवाजही अस्फुट ऐकू येतो. पण ते हुंकार आहेत, संवाद नव्हे. मुलगा बोलतो, आई संकोचून हसते. तिच्या वाट्याला ध्वनी आला तरी वाणी आलेली नाही.

याच क्षणी दारात पिता येतो आणि एकच शब्द उच्चारतो : 'थांब'. हा शब्द ऐकू येतो. त्यानंतर गाणे तुटते, बोलणे तुटते, काही क्षण नि:शब्दता पसरते आणि पट पुन्हा पाट्यांच्या मूक जगात परत जातो. बोलपटाच्या जन्माची म्हणून जी कृती ओळखली जाते, तिच्यातल्या संभाषणाचा शेवट अशा रीतीने बोलण्यावरच्या बंदीने होतो. पितृसत्तेचा शब्द आणि मूकपटाचा संकेत येथे एकरूप झाले आहेत. परंपरा म्हणजे मौन आणि आधुनिकता म्हणजे ध्वनी, असे समीकरण पट उभे करू पाहतो. मात्र ते समीकरण त्याला शेवटपर्यंत पेलवत नाही.

३

ते पेलवत नाही, कारण परंपरेलाही स्वतःचा आवाज आहे आणि तो पटात अनेकदा ऐकू येतो. किंबहुना या पटातील सर्वांत गंभीर ध्वनी 'कोल निद्रे'चाच आहे. परंतु हा आवाज कोणाचा, असे विचारताच एक चमत्कारिक उलटापालट समोर येते. पित्याची भूमिका करणारा वॉर्नर ओलंड हा स्वीडनमध्ये जन्मलेला नट. पुढे चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या भूमिकेने तो जगप्रसिद्ध झाला. सिनेगॉगमध्ये तो गाताना दिसतो तेव्हा ऐकू येणारा स्वर त्याचा नाही, दुसऱ्या गायकाचा आहे. जी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या अखंड आणि अस्सल म्हणून मांडली जाते, तिचा स्वर या पटात उसना आहे. आणि ज्या मुलावर अस्सलपणा गमावल्याचा आरोप आहे, तो मात्र स्वतःच्या गळ्याने गातो. शरीर एकाचे आणि गळा दुसऱ्याचा ही पुढे बोलपटाची नित्याची रीत व्हायची होती. तिचे एक ठळक आरंभीचे उदाहरण या पित्याच्या प्रार्थनेत सापडते.

याच्या शेजारी ठेवून पाहावा असा प्रसंग शिकागोतील मैफलीचा आहे. तेथे योसेले रोझेनब्लाट हे त्या काळचे विख्यात कँटर स्वतःच्याच नावाने पडद्यावर येतात आणि उपासनाविधीबाहेरचे गीत गातात. सभागृह, तिकीट आणि टाळ्या असलेल्या जगात प्रार्थनागायक आधीच येऊन पोचलेला आहे. म्हणजे पिता ज्या दोन जगांमध्ये दुर्लंघ्य भिंत आहे असे मानतो, तिला पटानेच एक दार ठेवले आहे. आरंभीच्या पाट्यांवरही जॅझ ही कदाचित गैरसमज झालेली प्रार्थनाच असेल असा विचार सुचवलेला आहे.

'कोल निद्रे'ची निवड या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. रूढ अर्थाने ती प्रार्थनाही नव्हे. ते ॲरेमाइक भाषेतले, माणसाने ईश्वरासमोर घेतलेल्या आणि पाळता न आलेल्या प्रतिज्ञा रद्द ठरवणारे विधिवचन आहे. माणसांनी एकमेकांना दिलेली वचने त्यातून सुटत नाहीत, अशी त्यामागची परंपरागत धारणा आहे. माणसाचा अपराध माणसानेच क्षमा करायचा असतो. जॅक ज्या रात्री हे वचन गातो त्या रात्री तो दोन बंधनांत सापडलेला आहे : एक पित्याचे, दुसरे नाट्यगृहाशी झालेल्या कराराचे. गाताना तो करार मोडतो. पण ज्या विधीसाठी तो मोडतो, तो विधीच मोडलेल्या प्रतिज्ञांचा आहे. पित्याची क्षमा त्याला विधीतून मिळत नाही. खिडकीतून आवाज ऐकणाऱ्या पित्याकडून मिळते. पटकर्त्यांनी हा सगळा अर्थ जाणूनबुजून योजला होता असे म्हणण्याची आवश्यकता नाही. निवडलेला विधी आपला अर्थ बरोबर घेऊन येतो.

४

येथे संहितेच्या इतिहासाकडे वळावे लागते. सॅमसन राफेलसन या लेखकाने १९१७ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना, जोलसनला रंगमंचावर पाहिले आणि त्याच्या गाण्यात त्याला सिनेगॉगमधल्या कँटरची आर्तता जाणवली. या अनुभवातून १९२२ मध्ये 'द डे ऑफ अटोनमेंट' ही कथा आणि १९२५ मध्ये 'द जॅझ सिंगर' हे नाटक जन्मले. नाटकात मुख्य भूमिका जॉर्ज जेसेल करीत असे. नाटकाचा नायक अखेरीस रंगभूमी सोडतो आणि पित्याची जागा घेतो. चित्रपटाने हा शेवट बदलला. 'कोल निद्रे' झाल्यावर एक पाटी येते : ऋतू सरतो, काळ जखमा भरतो, खेळ पुढे चालतो. आणि जॅक विंटर गार्डनच्या रंगमंचावर, प्रेक्षागृहात बसलेल्या आईला उद्देशून, 'माय मॅमी' गातो.

हा बदल सहसा 'व्यावसायिक तडजोड' म्हणून निकालात काढला जातो. ते वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नाटकात त्यागाला किंमत होती, कारण नायक अजून कोणीच नव्हता. त्याने जे सोडले ते केवळ शक्यतेच्या पातळीवरचे यश होते. चित्रपटात ही भूमिका ज्याने केली तो स्वतः कँटरचा मुलगा, लिथुआनियातून आलेला आसा योएलसन, आणि विंटर गार्डनचा सम्राट म्हणून आधीच गाजलेला जोलसन. प्रेक्षक पडद्यावर जॅक रॉबिनचे स्वप्न पाहत होते, पण त्या स्वप्नाची पूर्ती त्यांनी आधीच तिकीट काढून पाहिलेली होती. ज्याच्या आवाजासाठी ते जमले होते, त्याने तो आवाज सोडून सिनेगॉगमध्ये निघून जाणे कथेच्या तर्कात बसले असते. नटाच्या प्रतिमेच्या तर्कात ते अशक्य होते. कथानकाला दोन लेखक लाभले : एक राफेलसन, दुसरी जोलसनची कीर्ती. शेवट दुसऱ्या लेखकाने लिहिला.

परिणामी चित्रपटाला एक विलक्षण दुभंग प्राप्त झाला. नाटकाचा शेवट निवडीचा होता, चित्रपटाचा शेवट निवड टाळण्याचा आहे. त्याग केला आणि काही गमावलेही नाही. अमेरिकी स्वप्नाचे याहून नेमके रूप सांगता येणार नाही : मूळही राखावे, यशही मिळवावे, आणि दोहोंची किंमत कोणी तिसऱ्याने चुकवावी.

५

हा तिसरा कोण, हे विचारल्यावाचून या पटाचे कोणतेही वाचन आज पुरे होऊ शकत नाही. प्रयोगाच्या रंगीत तालमीपूर्वी जॅक आरशासमोर बसून चेहऱ्याला काळा रंग फासतो. गोऱ्या नटांनी काळे तोंड करून कृष्णवर्णीयांची हास्यास्पद नक्कल करायची ही एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली मिन्स्ट्रेल परंपरा. त्याच आरशात त्याला सिनेगॉगचे दृश्य दिसते. कुटुंबाचा स्नेही युडलसन त्याला या वेषात पाहून, आवाज जेकीचा आहे पण दिसते ती जेकीची सावली, अशा आशयाचे काही बोलतो. विनोद म्हणून आलेले हे वाक्य पटाचे मर्मच उघड करते. स्वत्व आवाजात आहे, चेहरा कोणाचाही चालेल. पण ज्यांचा चेहरा असा 'कोणाचाही' ठरवला गेला, त्यांच्यातले एकही माणूस या पटात अर्थपूर्ण पात्र म्हणून येत नाही. ज्याच्या नावात 'जॅझ' आहे त्या पटात जॅझ निर्माण करणारे नाहीत. आणि लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणांतून ते संगीत त्याच वर्षांत जे रूप घेत होते, त्याचा मागमूसही नाही. पित्याला आवाज आहे, मुलाला आहे, आईला हुंकारापुरता आहे. कृष्णवर्णीयाला केवळ रंग आहे, तोही दुसऱ्याच्या तोंडावर.

मायकेल रोगिन यांनी 'ब्लॅकफेस, व्हाइट नॉइज' या १९९६ मधील ग्रंथात या योजनेचा राजकीय अर्थ स्पष्ट केला आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा, की काळा मुखवटा चढवून आणि उतरवून दाखवल्यानेच स्थलांतरित ज्यू 'गोरा अमेरिकन' होतो. मुखवटा काढता येतो हेच त्याच्या गोरेपणाचे प्रमाणपत्र ठरते. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा १९२४ चा कायदा लक्षात घेतला की या प्रतिपादनाचे वजन कळते. १९२७ साली ज्यू स्थलांतरितांचे गोरेपण गृहीत धरण्यासारखे नव्हते. ते सिद्ध करून दाखवावे लागत होते.

रोगिन यांचे विश्लेषण नाकारता येणार नाही. तथापि त्यात एक धोका आहे : मुखवट्याचे सामाजिक कार्य कळले की त्यामागच्या आवाजात काही उरलेच नाही असे वाटू लागते. पटाचा अनुभव तसे सांगत नाही. शेवटचे गाणे ऐकताना दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आईला हाक मारणाऱ्या मुलाची व्याकुळता खरी आहे, आणि ती व्याकुळता व्यक्त करण्यासाठी वापरलेला चेहरा दुसऱ्याच्या अपमानातून घडलेला आहे, हेही खरे आहे. रंगाविना, उघड्या चेहऱ्याने, जॅक आईशी बोलू शकला होता. पण त्या बोलण्यावर पित्याने बंदी घातली. मोठ्या रंगमंचावर तो पुन्हा आईपुढे येतो तेव्हा चेहरा झाकून येतो, आणि आता बोलत नाही, फक्त गातो. घरात जे थांबवले गेले ते बाहेर मुखवट्याआडून पुरे होते. एका बहिष्कृत समूहाच्या मुलाने स्वतःच्या दु:खासाठी दुसऱ्या, अधिक बहिष्कृत समूहाचा मुखवटा उसना घ्यावा, आणि ज्याचा मुखवटा घेतला त्याला मात्र मुके ठेवावे, यात शोकात्म विसंगती आहे. पटाला ती दिसत नाही. समीक्षेला ती दिसली पाहिजे. आणि दिसल्यावर तिने ना गाण्याचा मोह नाकारावा, ना मुखवट्याचा अपराध क्षम्य ठरवावा.

६

भारतीय वाचकाला या चर्चेत एक तुलना साहजिक सुचेल, पण ती जपून करायला हवी. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा'ला प्रेरणा मिळाली ती या पटापासून नव्हे, तर १९२९ च्या 'शो बोट'पासून, असे अर्देशीर इराणी यांच्याबाबत सांगितले जाते. महत्त्वाचा फरक याहून खोल आहे. हिंदी आणि मराठी बोलपटात गाणे आणि बोलणे एकदमच आले, कारण पारशी आणि मराठी संगीत रंगभूमीवर ते कधी विभक्त नव्हतेच. ज्या रंगभूमीवर ख्यालाची चीज आणि अभंग एकाच प्रयोगात गायले जात, तेथे देवासाठी गाणे आणि प्रेक्षकांसाठी गाणे यांत रॅबिनोविट्झच्या घरातली भिंत उभी राहिली नाही. १९३५ च्या 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्व संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले, तेव्हा भक्ती आणि कीर्ती यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग कथेला मांडावा लागला नाही. याचा अर्थ आपल्याकडे आवाजाच्या मालकीचा प्रश्न नव्हता असा नाही. कोणाला गाता येईल, कोठे गाता येईल आणि कोणाचे गाणे प्रतिष्ठित मानले जाईल, हे जात आणि लिंग यांनी ठरवलेलेच होते. भिंत होती, ती फक्त दुसऱ्या जागी होती.

'द जॅझ सिंगर'चे महत्त्व अखेरीस येथे आहे. ध्वनी आला आणि मौन संपले, असा हा पट नाही. ध्वनी आल्यामुळे मौनाची नव्याने वाटणी झाली, आणि ती वाटणी कोणत्या नियमांनी झाली याचा आलेख त्याने नकळत मागे ठेवला. प्रसिद्धीचे स्वप्न पाहणारा गायक जिंकतो, कारण त्याचा गळा कुलापासून, विधीपासून, चेहऱ्यापासूनही सुटा करता येतो आणि तबकडीवर उतरवता येतो. हे सुटेपण हीच त्याची मुक्ती, आणि हीच त्याची विक्री. पिता ज्याला 'थांब' म्हणाला तो प्रवाह पुढे थांबला नाही. त्या एका शब्दात पराभूत जगाचा हट्ट होता, पण त्यात एक प्रश्नही होता : हा आवाज आता कोणाचा? हा पट त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. प्रश्न ऐकू येईल एवढी शांतता मात्र त्याने पित्याच्या त्या शब्दानंतर काही क्षण राखली आहे.